चाळीस घडांच्या कमानी

आमची जीप दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि ती भरलेली आहे की रिकामी हे बयला चुलीपुढून न उठता कळायचं. आईला आम्ही बय म्हणायचो. गाडी रिकामी असली की वाडीच्या वळणापासूनच तिचा खडखडाट सुरू व्हायचा. पत्रा, साखळ्या, मागचं फळकूट, सगळी एकदमच भांडायला उठायची. भरलेली असली की आवाज खाली बसायचा, नुसतं इंजिन घुमायचं आणि चाकांखाली वाळू करकरायची. "भरून आली," असं म्हणत बय मोठं पातेलं चुलीवर चढवायची. भरलेल्या गाडीतून एरंडीच्या पेंडीची पोती यायची, कौलं यायची, नाहीतर दुसऱ्या वाड्यांतले केळीचे घड यायचे. ते उतरवायला शेजारची चार माणसं धावायची, आणि त्यांना चहा द्यायचा तर छोटं पातेलं पुरत नसे. रिकाम्या गाडीला बय नुसती मान हलवायची. गाडी येऊन दोनच महिने झाले होते, पण तेवढ्यात तिचा कान तयार झाला होता.

नंदाखालला आमची वाडी होती. नारळ, पानवेल आणि केळी. विहिरीवर रहाट होता, आणि त्याची कुरकुर पहाटेपासून अशी चालायची की ती थांबली तरच आम्हाला जाग यायची. दसऱ्यानंतर सुकेळ्यांचे दिवस सुरू व्हायचे. राजेळी केळी भट्टीत पिकवायची, सोलून कारवीच्या मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. सात-आठ दिवसांत ती मधाच्या रंगाची आणि चिवट होत, मग सुक्या पानात घट्ट गुंडाळून बांधायची. त्या दिवसांत घराला, कपड्यांना, आमच्या केसांनासुद्धा तो गोड वास लागलेला असायचा. माझी थोरली बहीण हिरू या कामात फार तरबेज होती. तिच्या हातून साल निघताना केळ्यावर नखाचा ओरखडा उठत नसे. मी सोललेली केळी ती उचलून बघायची आणि म्हणायची, "चंपे, ही केळी सोललीस का मारलीस?" तिचं लग्न होऊन ती गेली त्या वर्षी मांडवावर मी एकटीच होते, आणि वारंवार मागे वळून बघायचे. अजून बघते. माणसाची सवय जात नाही.

हिरूला चांदीपला दिली होती. तसं बघितलं तर चांदीप काही परमुलूख नव्हे, आमच्याच तालुक्यातलं गाव. पण आम्ही समुद्राकडचे, आणि ते रेल्वेचं फाटक ओलांडून पार पूर्वेला, भातशेतीच्या मुलखात. मध्ये सगळी बैलगाडीची वाट. पावसाळ्यात ती वाट गाळात जायची, आणि पाऊस सरला की त्याच गाळात गाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल कोरलेल्या राहायच्या. पहिल्या खेपेला रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात सासरची माणसं तिला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला निघाली, तेव्हा चांदीपच्या अलीकडे एका ओहोळात गाडीचं चाक दगडावरून खाली आदळलं. हिरू गाडीतल्या गाडीत कळवळली. गाडी माघारी फिरवली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. आम्हाला दुसऱ्या दिवशी निरोप आला. बय तेव्हा सुकेळी बांधत होती. तिने हातातलं बांधून पुरं केलं, खाली ठेवलं, आणि मग ती रडली.

त्यानंतर हिरूची सासू काशीबाई हिने स्पष्ट सांगून टाकलं, "माझी सून मी आता रस्त्यावर घालायची नाय." काशीबाई वाईट नव्हती. फटकळ होती, हाडापेराने मोठी होती, आणि त्या दिवशी हिरूपाशी रात्रभर तीच बसली होती. पण हिरूचं येणं बंद झालं ते झालंच. पावणेदोन वर्षं तिने आमचा उंबरा पाहिला नाही. आणि त्या वर्षी भाद्रपदात निरोप आला की हिरूला पुन्हा दिवस गेलेत, पाचवा सरत आलाय. निरोप्याच्या हाती तिने बयला एवढंच सांगून पाठवलं होतं: "मना घरी यायचंय."

जीप बापूंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घेतली होती ती वाडीसाठी. लढाई संपून काही वर्षं झाली होती आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत. बापूंनी ओहोटीच्या वेळी समुद्राच्या वाळूवर तीन आठवडे घिरट्या घालून ती चालवायला शिकून घेतली. त्या तीन आठवड्यांत कोळणींनी त्या बाजूला मासळी सुकत घातली नाही. पण निरोप आल्यावर गाडीचं कामच बदललं. बापू बोलले काही नाहीत, बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता. पाऊस थांबल्यावर एका सकाळी ते मला घेऊन चांदीपची वाट बघायला निघाले. फाटकापलीकडे तासभर गेलो असू, तोच चाकं दोन्ही चाकोऱ्यांत उतरली आणि मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं. चारही चाकं नुसती फिरत राहिली. शेवटी दोन बैल आणि चार माणसं लावून आम्हाला मागे ओढलं. चार दिवसांनी हिरूचा निरोप: "आवाज आला होता. मी खळ्यावर येऊन उभी होते. मग आवाज बंद झाला."

बापूंनी मग लष्करी ट्रकवरची मोठी टायरं मिळवली. गाडी चार बोटं उंच झाली, पण ती टायरं मडगार्डाच्या आत मावेनात. खड्ड्यात चाक वर उचललं की टायर पत्र्याला घासायचं आणि जळक्या रबराचा वास सुटायचा. म्हणजे आता गाडीचं अंगच वर उचलायला हवं होतं, आणि त्यासाठी कमानी बदलणं भाग होतं. चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या, एकावर एक पोलादी पाटे बसवलेल्या त्या कमानी.

वसईत किल्ल्याच्या वाटेवर इनास मिस्त्रीचं गॅरेज होतं. लढाईत तो लष्कराच्या कारखान्यात होता, आणि जीपची नस अन् नस त्याला ठाऊक होती. मी बरोबर होते, कारण मला बाजारात गांध्याच्या दुकानातून डिंक, अळीव, बाळंतशेपा असं सामान आणायचं होतं. त्या पुड्या मांडीवर घेऊन मी गॅरेजच्या बाकावर बसले. मिस्त्रीने भिंतीवर टांगलेले दोन जोड दाखवले. एकात पातळ पाटे होते, संख्येने जास्त, बाक मोठा. दुसऱ्यात पाटे थोडे पण चांगले जाड, ओझ्याच्या गाडीचे. "दोन्हींनी गाडी सारखीच उठेल," तो म्हणाला, "टायर नाय घासणार. पण कमान उंचीवर निवडायची नसते, वजनावर निवडायची असते. पातळ पाट्यांवर ओझं टाकलं की त्या बसतील आणि टायर पुन्हा घासेल. जाड पाट्यांवर ओझं नसलं की त्या दबणारच नाय, दगड लागला की गाडी उडेल. तेव्हा आधी मना सांगा, भाऊ, गाडीत काय भरणार तुमी?"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे पोटुशी मुलगी घरात आहे हे परक्यापुढे बोलत नसत, आणि एकदा हात रिता राहिलेला असला तर मुळीच नाही. नजर लागते, नाव घेतलं की हातचं जातं, असं सगळेच मानायचे. घरात बयसुद्धा 'हिरूचं काम' एवढंच म्हणायची. बापू म्हणाले, "केळी. दुसरं काय भरणार?"

"किती?"

"चाळीस घड."

मांडीवरच्या पुड्यांवर माझे हात घट्ट झाले. मी बोलू शकले असते. पण वडील बोलत असताना मध्ये तोंड घालायची आमच्यात रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली. मी नाव घेतलं आणि काही झालं तर? मी गप्प बसले. मिस्त्रीने जाड पाट्यांचा जोड खाली उतरवला.

दुपारपर्यंत गाडी तयार झाली. दिसायला मात्र अशी ऐटबाज, की रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बापूंनी वीत घालून पाहिली, अख्खी मावली. मिस्त्रीने निघताना बजावलं, "रिकामी फार पळवू नका." बापू म्हणाले, "रिकामी कशाला पळवेन?" आणि रिकामीच पळवत घरी आले. मी मागे बसले होते. पापडी गावाच्या पुढे एका खड्ड्यात माझी जीभ दातांखाली आली आणि अळिवाची पुडी फुटून सगळा अळीव गाडीभर झाला. "नव्या आहेत," बापू म्हणाले, "बसतील हळूहळू."

आम्ही चांदीपला पोचलो. या खेपेला खरंच पोचलो. चाकोऱ्या, ओहोळ, बांध, कशालाही गाडी अडली नाही. हिरू दारात उभी होती, हिरवं लुगडं नेसून, गाठोडं बांधून तयार. किती बारीक झाली होती ती, आणि पोट मात्र केवढं. तिने माझा हात धरला तो सोडेना. पण काशीबाई पदर खोचून पुढे आली. "थांबा," ती म्हणाली, "आदी मी बसतंय. मना फिरवून आना. मंग बघू." बापूंना नाही कसं म्हणता येणार? ओहोळापर्यंत जाऊन गाडी परत आली तेव्हा काशीबाईचा अंबाडा सुटला होता आणि एका हाताने तिने कंबर धरली होती. खाली उतरून तिने अंबाडा पुन्हा बांधला. मग हळू आवाजात म्हणाली, "विहीणबाईंना सांगा, माजा राग नाय. पन हिच्यापरीस बैलगाडी बरी. पोरगी मी नाय देनार." हिरूने गाठोडं खाली ठेवलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "सुकेळी घातलीत का गं?" मी हो म्हटलं. "वास येतोय तुझ्या केसांना," ती म्हणाली.

त्या परतीच्या वाटेवर मला बापूंचा इतका राग आला होता की मी तो आजही नाकारणार नाही. आणि स्वतःचाही. सातवा महिना संपायला आठच दिवस उरले होते. आठव्यात हलवायचं नसतं, म्हणजे मग ती चांदीपलाच राहणार, त्या ओहोळाच्या पलीकडे, बयशिवाय. दुसऱ्या दिवशी बापू गाडी घेऊन मिस्त्रीकडे निघाले तेव्हा मी न विचारता गाडीत जाऊन बसले. गॅरेजात बापू म्हणाले, "कमानी फार कडक झाल्या." मिस्त्री म्हणाला, "चाळीस घडांना बरोबर हायत." तेव्हा मी उठून उभी राहिले. "मिस्त्री," मी म्हटलं, "केळी नाही. माझी बहीण आहे. सातवा सरत आलाय, आणि आधीचं एक त्याच वाटेवर गेलंय."

बापू तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. मिस्त्रीने हात पुसले. मग मला म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या मांडीवरच्या पुड्यांना बाळंतशेपांचा वास येत होता, बाय. माझ्या मनात आलं होतं. पण तुझा बाप केळी म्हणाला." पातळ पाट्यांचा जोड कालच एका ठेकेदाराने नेला होता. दुसरा मुंबईहून यायला पंधरवडा तरी लागणार. पाटे काढून कमी करावेत तर गाडी खाली बसून टायर घासणार. मिस्त्री गाडीभोवती दोनदा फिरला आणि बापूंपुढे थांबला. "कमान खोटी नाय, भाऊ. वजन खोटं सांगितलंत. आता सांगितलंत तेवढं भरा, म्हणजे खरं होईल."

बापूंना ते लगेच कळलं. मला घरी येईपर्यंत कळलं नाही. वाडीत शिरताच ते कोयता घेऊन राजेळीच्या बागेत गेले. सुकेळ्यांसाठी राखलेले घड होते ते, अजून पुरते भरलेही नव्हते. त्या कोवळ्या केळ्यांचं पुढे काहीच होणार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पहिल्या घडापाशी ते थांबले. बय मागून आली, त्यांच्या हातातून कोयता घेतला आणि तिनेच पहिला घड उतरवला. चाळीस घड आम्ही गाडीत असे रचले, जसे लांबच्या बाजाराला पाठवताना रचायचे: देठ बाहेर, मध्ये सुकी पानं, कुठेही पोकळी नाही. वर पेंढा, पेंढ्यावर दोन गाद्या. गाडी हळूहळू खाली बसली, आणि तरीही टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं उरली.

दुसऱ्या दिवशी काशीबाई पुन्हा आधी स्वतः बसली. या वेळी परत आली तेव्हा ती गादीवर आडवी होती आणि उतरायचं नाव घेईना. "ही तं निजवते," ती म्हणाली. मग उठून तिने हिरूच्या कपाळाला कुंकू लावलं, तिच्या ओटीत नवे तांदूळ घातले, आणि आमच्या घडांतले दोन मागून ठेवून घेतले. बापूंनी तेवढ्या वजनाचं भाताचं पोतं तिच्याकडून मागून गाडीत टाकलं. काशीबाई हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहत होते.

ती तीन तासांची वाट मला मिनिटा-मिनिटाने आठवते. हिरूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खालून कच्च्या केळ्यांचा तुरट वास येत होता, आणि गाडी पाण्यातल्या होडीसारखी डुलत होती. ओहोळ आला तेव्हा हिरूने डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. बापूंनी इतक्या हळू गाडी उतरवली की कडेने चाललेला एक म्हातारा आमच्या पुढे निघून गेला. पलीकडे चढल्यावर तिने विचारलं, "गेला?" मी म्हटलं, "गेला." मग ती बोलतच सुटली. सासरचं, इथलं, लहानपणाचं, मधल्या दोन वर्षांचं सगळं. फाटक ओलांडून वाड्या सुरू झाल्या तशी एकदम गप्प झाली आणि माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "ऐक." आमचा रहाट कुरकुरत होता. तेव्हा कुठे ती रडली.

मुलगी झाली. माणिक तिचं नाव. आज तिलाही नातवंडं आहेत. तिचा एक नातू डोंगरात हिंडायला मोठ्या टायरांची गाडी बाळगून आहे. परवा तो फोनवर कमानी निवडत बसला होता आणि पलीकडून कुणीतरी त्याला विचारत होतं, गाडीत वजन किती असतं. "काहीच नाही," तो म्हणाला, "मी एकटाच असतो." मी शेजारी बसून ऐकत होते. हिरू जाऊन आता नऊ वर्षं झाली. तो प्रश्न ऐकून मला ती इतक्या जोरात आठवली की मी उठून आत गेले.

तीन महिने हिरू आमच्याकडे होती. मांडवावर पुन्हा आम्ही दोघी बसायचो, केळी मात्र त्या वर्षी दुसऱ्यांच्या वाडीतून आणलेली. मग तिला पोचवायचा दिवस आला. बापूंनी पुन्हा घड रचले, या वेळी चांगले भरलेले, आणि ते सगळे चांदीपला तिच्या सासरी उतरवून दिले. सुकेळी, नारळ, डिंकाचे लाडू, सगळं उतरलं. हिरू उतरली, माणिक उतरली. आणि आम्ही परत निघालो तेव्हा मागे मी एकटी होते आणि गाडी रिकामी होती. ती काय उडत होती! मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते आणि रडत होते. बापूंनी एकदा मागे वळून पाहिलं. मी म्हटलं, "गचक्यांनी डोळ्यांत पाणी येतंय." ओहोळात येऊन त्यांनी गाडी थांबवली, धोतर वर खोचलं आणि पात्रातले दगड उचलून मागे आणून ठेवायला लागले. एक, दोन, वीस, तीस. मीही उतरले. गाडी बसेपर्यंत आम्ही दगड भरत होतो. पुढची वाट गाडी शांतपणे चालली.

वाडीच्या वळणावर आलो तोच बय धावत बाहेर येताना दिसली. हात पिठाने भरलेले, पदर एकीकडे. आजवर ती अशी कधी धावली नव्हती. "का गं? परत आणलीत तिला? काय झालं?" ती विचारत होती, आणि तिच्या आवाजात भीती होती आणि आनंदही होता. मग तिने फळकुटावरून आत डोकावून पाहिलं. बापू खाली मान घालून म्हणाले, "रिकामी फार उडत होती. ही पोर मागे होती." बय त्या दगडांकडे पाहत उभी राहिली. त्यातला वरचा एक अजून ओला होता, त्यावर तिने पिठाचा हात ठेवला. आत चुलीवर तिने मोठं पातेलं चढवलेलं होतं. पण दगड उतरवायला त्या दिवशी कुणाला बोलवायचं? आम्ही तिघांनीच ते उतरवले.